वाळवंटात आबांनी दगड वाचला

सहल म्हटली की आपल्या वस्तीत ठरलेली गावे पुढे येतात. नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, आणि गाठीला चार पैसे जास्त असले तर बुद्धगया, सारनाथ. ही आपली प्रेरणास्थाने आहेत. तिथे गेलेच पाहिजे. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब राजस्थानात जैसलमेरला, आणि तेही दगड पाहायला निघालो, तेव्हा शेजारच्या मावशींनी विचारलेच, "दगड बघायला एवढं लांब? वाघोलीला काय कमी हायेत का?"

मावशींचा प्रश्न रास्त होता. आमच्या घराला दगड नवा नाही. आमचे वडील, ज्यांना सगळी वस्ती आबा म्हणते, त्यांचे सारे आयुष्य दगडात गेले. १९७२ च्या दुष्काळात ते वीस वर्षांचे होते. गावात पाणी नाही, काम नाही. सरकारी दुष्काळी कामावर त्यांनी आमच्या आजीसोबत रस्त्याची खडी फोडली. पुढे पुण्याला आले ते वाघोलीच्या खाणीवर. ब्रासवर मजुरी. जेवढी खडी, तेवढे पैसे. एकदा कपची उडून डाव्या डोळ्यात गेली, तेव्हापासून त्या डोळ्याने त्यांना धूसर दिसते. ठेकेदाराने दोन दिवसांची मजुरी कापली, एवढीच त्याची दखल. याच खडीवर आम्ही बी.कॉम. झालो आणि कारकुनाच्या खुर्चीवर बसलो.

आबा आता ७३ वर्षांचे आहेत. कार्यालयाची रजा प्रवास सवलत आमच्या पदरी होती. आमची थोरली कन्या अकरावी विज्ञान शाखेत शिकते. तिनेच पुस्तकात वाचले होते, की जैसलमेरजवळ झाडांचे दगड झालेले आहेत. तिचा हट्ट, धाकट्याला उंट पाहायची हौस, आणि आबांना एकदा तरी कामाशिवाय कुठे तरी न्यावे ही आमची व आमच्या सहचारिणीची इच्छा. असा बेत जमला.

गाडीतला एक प्रसंग

पुण्याहून जोधपूर आणि जोधपूरहून जैसलमेर असा आमचा प्रवास होता. वाटेत एक सुशिक्षित कुटुंब समोरच्या बाकावर होते. बोलता बोलता त्या बाईंनी आमच्या कन्येला विचारले, "आजोबा काय करायचे गं?" कन्या क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये होते."

खोटे म्हणावे तर ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. आबांनी ऐकले. ते काही बोलले नाहीत. खिडकीबाहेर पाहत राहिले. आम्हीही गप्प बसलो. मुलीला रागवायला तोंड कुठे होते? आमच्या कॉलेजच्या दिवसांत वडिलांचा व्यवसाय या रकान्यात आम्ही स्वतः 'नोकरी' असे लिहीत होतो. वाचकहो, हा रकाना भरताना आपल्यातल्या किती जणांचा हात अडला असेल, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

झाडाचा दगड

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही जीप करून निघालो. बाडमेरच्या रस्त्याने सुमारे १७ किलोमीटरवर आकल नावाचे गाव आहे. तिथे २१ हेक्टरांचे जीवाश्म उद्यान आहे. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. इथे तसे काही नव्हते. तांबूस-पिवळ्या खडकाचे उघडे माळ, अधूनमधून झुडपे, आणि त्यात जागोजाग लोखंडी जाळीचे पिंजरे, वर पत्र्याचे छप्पर. धाकटा म्हणाला, "आत वाघ आहेत का?" आत वाघ नव्हते, आडवी पडलेली झाडे होती. पण लाकडाची नव्हे, दगडाची.

अशी सुमारे २५ खोडे इथे आहेत. सर्वांत लांब खोड १३.४ मीटर, म्हणजे आमच्या चाळीतल्या चार खोल्यांएवढे लांब. जवळून पाहिले तर लाकडाच्या रेषा दिसतात, सालीचा खडबडीतपणा दिसतो. पण ते दगड आहेत आणि त्यांचे वय सुमारे १८ कोटी वर्षे आहे. त्या काळी इथे उष्ण, दमट हवा होती, दाट जंगल होते. झाडे उन्मळून पडली, ती गाळाखाली व वाळूखाली गाडली गेली. हवा न लागल्यामुळे ती कुजली नाहीत. मग जमिनीतले पाणी त्यांच्यात झिरपत राहिले. त्या पाण्यात विरघळलेली सिलिका लाकडाच्या कणाकणात जाऊन बसली. लाकूड गेले, त्याचा आकार राहिला.

कन्या हे सगळे वहीत लिहून घेत होती. आबा मात्र खाली बसले होते. जमिनीवर पडलेला बोटभर तुकडा त्यांनी उचलला, उजव्या डोळ्याजवळ नेला, नखाने खरवडला, दुसऱ्या तुकड्यावर हलकेच वाजवला. खणकन आवाज आला.

"ही गारगोटीच्या जातीची हाय," आबा म्हणाले. "हिच्यावर सुतकी मारली तर ठिणगी उडंल."

मग त्यांनी शेजारच्या खडकावर अंगठा घासला. अंगठ्याला वाळूचे कण लागले. "आन् ह्यो वाळूचा बांधलेला दगड. ह्याला पदर हायेत बघ. ह्यो आडवा फुटंल, उभा न्हाई. आपल्याकडच्या काळ्या दगडाला असा पदर नसतो. त्यो फुटतो तर कुठंबी फुटतो, म्हणून तर डोळं जात्यात."

कन्येने वही मिटली. तिच्या पुस्तकात हेच होते. झाडांत बसलेली सिलिका आणि गारगोटी एकाच कुळीतल्या. भोवतीचा खडक वालुकाश्म, थरांनी बनलेला. आणि आपला काळा पाषाण म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट. तिला जे दोन वर्षे घोकावे लागले, ते आबांनी अंगठ्याने ओळखले.

तिथला पहारेकरी हे पाहत उभा होता. तुकडा उचलू नका, असे सांगायला तो आला होता. आबांनी तुकडा होता तिथेच ठेवला तेव्हा तो हसला. "बाबा, आपको पत्थर का ज्ञान कैसे?"

आबांनी तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितले, "पचास साल पत्थर फोडा, भाई."

पहारेकऱ्याने खाली वाकून नमस्कार केला आणि गाव विचारले, समाज विचारला. आबा म्हणाले, "बाबासाहबवाले हैं." तो एकदम मोकळेपणाने म्हणाला, "जय भीम!" पुण्याहून इतक्या दूर, झाडे दगड झालेल्या त्या माळावर, आमच्या अंगावर रोमांच उभे राहिले.

दगडाची धूळ

त्या पहारेकऱ्याने चहा पाजला आणि त्याच्या भावाची गोष्ट सांगितली. भाऊ जोधपूरकडे वालुकाश्माच्या खाणीत काम करीत होता. चाळिशीतच त्याला दम लागू लागला. डॉक्टरांनी आधी क्षय म्हटले, मग कळले सिलिकोसिस. वालुकाश्म फोडताना, कापताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिकाचे कण असतात. ते फुप्फुसात जाऊन बसतात आणि पुन्हा निघत नाहीत. फुप्फुस हळूहळू निबर होते. ते पूर्ववत करणारे औषध नाही. राजस्थान सरकारने २०१९ साली या रोग्यांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. दाखला मिळालेल्या कामगाराला मदत मिळते. पण दाखला मिळेपर्यंत श्वास टिकला पाहिजे.

जी सिलिका झाडाला १८ कोटी वर्षे टिकवते, तीच माणसाला चाळिशीत संपवते. याला दगड जबाबदार नाही. पाणी मारून दगड कापला, तोंडाला योग्य मुखपट्टी दिली, वेळेवर तपासणी केली, तर हा रोग टाळता येतो. आबा म्हणाले, "आमच्या काळ्या दगडाची धूळ एवढी वंगाळ नसंल, पर आमाला बी फडक्याबिगर काय व्हतं?"

या ठिकाणी परमपूज्य बाबासाहेबांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे काम पाहत होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. कामगार कुठे राबतो, हे त्यांनी कागदावर पाहिले नाही, डोळ्यांनी पाहिले. आपल्या वस्तीत आजही दगडाच्या, फरशीच्या, काचेच्या कामावर जाणारे बांधव आहेत. सतत खोकला, दम लागणे, वजन घटणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना आपले काम काय आहे ते आधी सांगावे. तेही लपवू नये.

लिंबाचा पडताळा

दुपारी आम्ही जैसलमेरच्या वेशीजवळ एका घडवणाऱ्या कारागिराच्या पालाशी थांबलो. हे सारे शहर आणि ११५६ सालचा किल्ला पिवळ्या दगडाचा आहे. उन्हात तो सोन्यासारखा दिसतो. आमचा जीपवाला त्याला वालुकाश्म म्हणत होता. बहुतेक लोक तसेच म्हणतात. आबांनी कारागिराच्या परवानगीने एक कपची घेतली, खरवडली आणि मान हलवली.

"ह्यो वाळूचा न्हाई. ह्यो चुन्याच्या कुळीतला वाटतोय. पोरी, डब्यातलं लिंबू काढ."

कन्येने लिंबू कापून त्या खरवडलेल्या जागी दोन थेंब पिळले. बारीक बुडबुडे आले. आबांच्या गावचा एक म्हातारा गवंडी चुनखडीची अशीच पारख करायचा. कन्येने शास्त्र सांगितले. चुनखडकात कॅल्शियम कार्बोनेट असते, आम्ल लागले की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. भूशास्त्रज्ञही जैसलमेरच्या या पिवळ्या दगडाला बहुतांशी चुनखडकच मानतात. आणि असा चुनखडक समुद्रात तयार होतो. शिंपले आणि सूक्ष्म जीवांची कवचे तळाला साचून त्याचे थर बनतात.

म्हणजे आकलचे जंगल गेले आणि त्यानंतर या भूमीवर समुद्र आला. त्या समुद्राच्या काठी प्रचंड प्राणी वावरत होते. जैसलमेरजवळच्या खडकात सापडलेल्या एका लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरचे वर्णन शास्त्रज्ञांनी २०२३ साली प्रसिद्ध केले. तो १६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. थरच्या वाळवंटावरून त्याला 'थारोसॉरस' हे नाव दिले आहे.

लिंबाचा हा पडताळा आम्हाला फार मोलाचा वाटतो. जीपवाला म्हणाला म्हणून आबांनी मानले नाही. आबा म्हणाले म्हणून कन्येने मानले नाही. दोघांनी करून पाहिले. तथागतांनी कालामांना दुसरे काय सांगितले होते? परंपरेने आले म्हणून नको, थोराने सांगितले म्हणून नको, स्वतः तपासून घ्या. धम्मवंदनेत आपण धम्माला 'येऊन पाहण्याजोगा' म्हणतो, त्याचा अर्थ त्या दोन थेंबांत आमच्या मुलांना कळला.

खडकाचे उद्यान

तिथून पुढे राष्ट्रीय मरू उद्यान. ३,१६२ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९८० साली संरक्षित झाले. नाव वाळवंटाचे असले तरी वाळूच्या टेकड्यांनी यातला सुमारे पाचवा हिस्साच व्यापला आहे. बाकी खडकाळ माळ, खाऱ्या जमिनीचे सपाट तळ आणि गवत. वाऱ्याने झिजलेले खडक थरांच्या पायऱ्यांसारखे उघडे पडलेले असतात. कुठे मऊ थर खालून झिजून गेला आहे आणि वरचा कठीण थर ओट्यासारखा पुढे आला आहे. आबा एका अशा सावलीत बसून म्हणाले, "इथं वाराच सुतकी मारतोय."

इथे वर्षाला पाऊस २०० मिलिमीटरसुद्धा पडत नाही. तरी माणसे राहतात. खडकाळ उतारावर पडलेले पाणी जमिनीत मुरत नाही, खाली वाहते. ते मातीचा बांध घालून सखल शेतात अडवायचे आणि ओल धरलेल्या जमिनीत गहू-हरभरा घ्यायचा, याला तिथे 'खडीन' म्हणतात. शतकानुशतके चालत आलेली ही युक्ती आहे. वांझ वाटणारा खडकच इथे शेताला पाणी पाजतो.

माळढोक पक्षी दिसेल, अशी आमची आशा होती. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठीच १९७९ साली अभयारण्य झाले होते, पण तिथे तो जवळजवळ दिसेनासा झाला. देशात आता हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले असावेत, आणि त्यांतले बहुतेक याच भागात आहेत. उंच विजेच्या तारांवर आपटून ते मरतात, म्हणून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला. आम्हाला माळढोक दिसला नाही. दोन चिंकारा हरणे दिसली. धाकट्याचे त्यावरच समाधान झाले.

वाळूवरच्या रेघा

संध्याकाळी समच्या वाळूच्या टेकड्यांवर गेलो. तिथे उंट, तंबू, गाणीबजावणी, गर्दी. धाकटा उंटावर बसला. आम्ही जरा लांब जाऊन बसलो. वाऱ्याने वाळूवर लाटांसारख्या रेघा काढल्या होत्या. कन्या म्हणाली, "आबा, आज जैसलमेरला एका घराच्या पायरीच्या दगडावर अशाच रेघा होत्या."

आबांनी ओंजळभर वाळू घेतली आणि बोटांतून सोडली. "दगडाची वाळू व्हती, आन् वाळूचा पुन्हा दगूड व्हतो. आमी मधीच फोडीत बसलो, एवढंच."

मग कन्येने विचारले, "आबा, १९७२ साली काय काय झालं, सांगा ना." आम्ही त्यांच्या घरात वाढलो, पण आबांनी जे त्या दिवशी सांगितले ते आम्हीही कधी ऐकले नव्हते. आजीच्या हाताला पडलेले घट्टे, त्यांवर बांधलेल्या चिंध्या, मजुरीच्या दिवशीची लांब रांग, कामावर मिळणारी सुकडी आणि ती पदरात बांधून घरच्या लेकरांसाठी राखून ठेवणाऱ्या बाया. अंधार पडेपर्यंत आबा बोलत होते. कन्या लिहीत नव्हती, ऐकत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "आबा, गाडीत माझं चुकलं." आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

वाचकहो, त्या एका दिवसात आम्ही जंगलाचा दगड पाहिला, समुद्राचा दगड पाहिला आणि दगडाची वाळू पाहिली. तथागतांनी सांगितलेले अनित्य इथे उघड्या माळावर पडलेले आहे. ज्या भूमीवर जंगल टिकले नाही, समुद्र टिकला नाही, तिथे माणसाने केलेली चातुर्वर्ण्याची उतरंड तेवढी सनातन आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा आकलला जाऊन यावे. १८ कोटी वर्षांच्या झाडापुढे जातीचे वय ते किती? जे माणसाने केले, ते माणसाला मोडता येते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेच तर करून दाखवले.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. त्याच पाषाणात कार्ले, भाजे, अजिंठा कोरले गेले. कार्ल्याच्या शिलालेखांत धेनुकाकटच्या एका सुताराचे नाव आजही वाचता येते. राबणाऱ्या हाताची लाज वाटावी, हे त्या बुद्धविहारांनी शिकवले नाही. ते आपण नंतर, दुसऱ्यांच्या नजरेतून शिकलो. आपल्या घरोघरी असे आबा आणि आजी आहेत. कोणी खाणीवर होते, कोणी गिरणीत, कोणी झाडलोटीच्या कामावर. त्यांच्याजवळ शाळेचा दाखला नसेल, पण ज्ञान आहे. ते आपल्या मुलांनी विचारून, लिहून ठेवले नाही तर त्यांच्याबरोबरच जाईल.

परतल्यावर पहिल्या रविवारी आमच्या विहारातील बालवर्गात कन्येने एका ताटात तीन गोष्टी मांडल्या. वाघोलीचा काळा दगड, कारागिराने दिलेली पिवळी कपची आणि समची चिमूटभर वाळू. आकलचा तुकडा आणला नव्हता; तो आणायचा नसतो. मुलांनी लिंबू पिळून पाहिले. पिवळा फसफसला, काळा गप्प राहिला. शेजारच्या मावशीही पाहायला आल्या होत्या. मग कन्येने खुर्चीवर बसलेल्या आबांकडे हात केला आणि म्हणाली, "हे माझे आजोबा. यांनी पन्नास वर्षे खडी फोडली. पुढचं ते सांगतील."

आबा उठून उभे राहिले. मुलांना 'जय भीम' केला आणि काळा दगड हातात घेतला.